खाणीतून पार्लमेंटात : केअर हार्डी

मजुरांचे राजकारण मजुरांनीच चालवावे हा विचार ब्रिटनमध्ये ज्यांनी रुजविला, ते केअर हार्डी १८५६ साली स्कॉटलंडमधील लॅनार्कशायर परगण्यात एका दरिद्री घरी जन्मले आणि दहाव्या वर्षी कोळशाच्या खाणीत, हवा खेळती ठेवणारी दारे उघडण्या-मिटण्याच्या कामावर लागले. खाणकामगारांची गाऱ्हाणी मांडल्याबद्दल मालकांनी त्यांना कामावरून दूर केले, तेव्हा कामगार संघटना हेच त्यांचे जीवितकार्य झाले. आणि १८९२ साली वेस्ट हॅममधून निवडून येऊन, उंच रेशमी टोपीच्या रिवाजास फाटा देत, ते साध्या पोशाखात पार्लमेंटात दाखल झाले.

त्यांचा खरा पुरुषार्थ मला दिसतो तो १८९४ सालचा : वेल्समध्ये एका खाणस्फोटात अडीचशेहून अधिक कामगार दगावले असता सभागृह नवजात राजपुत्राच्या अभिनंदनाचा ठराव करण्यात गुंतले होते, त्यात मृतांच्या आप्तांविषयी सहानुभूतीचे चार शब्द घालावेत ही हार्डींची सूचना नामंजूर झाली, आणि त्यांनी भर सभागृहात राजसंस्थेवरच तोफ डागली. पुढच्याच निवडणुकीत ते पडले, हे ओघानेच आले म्हणा! १९०० साली मात्र वेल्समधीलच मर्थर टिडफिलने त्यांना पुन्हा पार्लमेंटात पाठविले. १९०६ मध्ये मजूर पक्षाच्या पार्लमेंटरी गटाचे ते पहिले अध्यक्ष झाले, आणि १९०७ साली हिंदुस्थानात येऊन, येथील सरकारी अंमलावर टीका करून, त्यांनी इंग्रजी वर्तमानपत्रांचा रोष ओढवून घेतला.