राउटरला इन्व्हर्टर आहे, तरी नेट का जातं?

मागच्या पावसाळ्यात नंदाखालला आमच्या आळीत नारळाची झावळी तारेवर पडली आणि लाइट गेली. घरात इन्व्हर्टर आहे, त्यामुळे पंखा चालू, राउटर चालू. पण नेट गायब! त्या रात्री ऑफिसचं रिलीज माझ्याकडे होतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर कसंबसं उरकलं. आई म्हणाली, "राउटरचे दिवे लागलेत, मग तुझं नेट का नाही?"

उत्तर घराबाहेर होतं. आमच्याकडे केबलवाल्याची फायबर आळीतल्या एका पेटीपर्यंत येते. पेटीत छोटा नेटवर्क स्विच आहे. कुठला डेटा कुठल्या घरी पाठवायचा, हे तो बघतो आणि त्याच्यापासून प्रत्येक घरात लॅनची वायर जाते. या स्विचला वीज लागते. ती एका शेजाऱ्यांच्या प्लगवरून घेतली होती आणि त्यांच्याकडे इन्व्हर्टर नव्हता. एक प्लग बंद, सगळी आळी ऑफलाइन.

मोठ्या ऑफिसात काय करतात?

तिथल्या महत्त्वाच्या स्विचमध्ये दोन पॉवर सप्लाय असतात. एकटा सप्लायही पूर्ण स्विच चालवू शकेल, एवढी प्रत्येकाची ताकद ठेवतात. एक बंद पडला तर दुसरा लगेच सगळा भार घेतो, स्विच रीस्टार्टही होत नाही. यालाच रिडंडन्सी म्हणतात.

पण दोन्ही वायरी एकाच एक्स्टेंशन बोर्डात खुपसल्या तर उपयोग शून्य. एक वायर यूपीएसवर आणि दुसरी वेगळ्या लाइनवर हवी. यूपीएससुद्धा कधीतरी बिघडतोच.

मोठं उदाहरण

12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी 10 च्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईचा मोठा भाग बंद पडला. लोकल थांबल्या. महापारेषणच्या 400 केव्ही कळवा-पडघा केंद्रात एका सर्किटची दुरुस्ती चालू होती, म्हणून भार दुसऱ्या सर्किटवर होता. त्यातच बिघाड झाला, असं तेव्हा ऊर्जामंत्र्यांनी सांगितलं. म्हणजे एक सोर्स दुरुस्तीला गेला की तेवढा वेळ तुमचा बॅकअप संपलेला असतो. स्विचलाही हाच नियम लागू.

आमच्या आळीत काय केलं?

केबलवाल्याने रिव्हर्स पीओई स्विच बसवला. हा स्विच घरांकडूनच, लॅनच्या वायरीतून वीज घेतो. आतले डायोड एका दिशेच्या झडपेसारखे काम करतात, त्यामुळे एका घराची वीज दुसऱ्या घरात घुसत नाही. आता आमचं घर आणि समोरचं घर, दोन्हीकडून वीज जाते. पण दोन्ही घरं एकाच ट्रान्सफॉर्मरवर आहेत. लाइट गेली की दोन्ही प्लग एकदम बंद! म्हणून दोन्हीकडचे प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतले. खरा फरक त्याने पडला.

तुम्ही काय कराल?

1. लाइट गेल्यावर राउटर चालू ठेवून वॅन किंवा इंटरनेटचा दिवा बघा. लॅनची वायर बाहेरून येत असेल आणि हा दिवा विझला, तर बहुधा बाहेरचा स्विच बंद आहे.
2. थेट घरापर्यंत फायबर असेल तर वाटेतल्या साध्या स्प्लिटरला वीज लागत नाही. घरचा डबा आणि कंपनीच्या टोकाचं यंत्र, एवढ्यांनाच बॅकअप हवा.
3. हिशोब सोपा आहे. 12 व्होल्ट, 7 अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे 84 वॅट-अवर. त्यातले 60 हाती लागले, तरी 10 वॅटचा स्विच 6 तास चालेल.
4. पेटी स्वतः उघडू नका. चुकीच्या व्होल्टेजने स्विच जळतो. केबलवाल्याला एवढंच विचारा: "पेटीतल्या स्विचला वीज कुठून येते, आणि ती गेली तर दुसरी कुठून येईल?"

आमच्याकडे परवा पुन्हा लाइट गेली. आईची व्हिडिओ कॉलवरची गप्पा मात्र चालूच राहिली.