लॅपटॉप चालू होत नाही तेव्हा : मदरबोर्डावरील दोषाचा शोध

तंजावर शहराच्या उत्तरेस सुमारे १२ किलोमीटरांवर, कावेरीच्या काठी, तिरुवैयारु हे लहानसे गाव वसले आहे. संगीतरचनाकार त्यागराज (१७६७–१८४७) यांच्या समाधीमुळे त्याचे नाव सर्वश्रुत आहे. तमिळ भाषेत 'ऐ' म्हणजे पाच आणि 'आरु' म्हणजे नदी. कावेरी, कुडमुरुट्टी, वेण्णारु, वेट्टारु आणि वडवारु या पाच प्रवाहांवरून गावास हे नाव पडले. वरच्या अंगास असलेल्या कल्लणै या प्राचीन बंधाऱ्यापाशी कावेरीचे पाणी विभागले जाते, आणि पुढे दरवाजांच्या साह्याने ते नद्यांत, कालव्यांत व शेवटी पाटांत सोडले जाते. शेवटच्या शेतास पाणी पोहोचले नाही तर जाणता पाटकरी ते शेत खणीत बसत नाही. तो उगमाकडून निघतो आणि एकेक दरवाजा पाहत खाली येतो. पाणी जेथवर आले व जेथून पुढे गेले नाही, तेथेच दोष असतो.

लॅपटॉपच्या बंद पडलेल्या मदरबोर्डाची तपासणी याच रीतीने करावी लागते.

या विषयास शाळांच्या दृष्टीने विशेष महत्त्व आहे. सप्टेंबर २०११ मध्ये तमिळनाडू सरकारने शासकीय व अनुदानित संस्थांतील विद्यार्थ्यांना विनामूल्य लॅपटॉप देण्याची योजना सुरू केली, आणि कावेरीच्या खोऱ्यातील अनेक घरांत पहिला संगणक आला तो याच मार्गाने. असे यंत्र एकदाच मिळते. ते बंद पडले, आणि संपूर्ण मदरबोर्ड बदलण्याचा खर्च घरास झेपण्यासारखा नसला, तर विद्यार्थ्याचे साधनच हातचे जाते. वस्तुतः 'मृत' ठरविलेल्या मदरबोर्डावर पुष्कळदा तांदळाच्या दाण्याहून लहान असा एकच घटक बिघडलेला असतो.

विजेचा मार्ग

बहुतेक लॅपटॉपांचा अडॅप्टर सुमारे १९ व्होल्ट दाबाची वीज देतो. ही वीज प्रथम जोडणीच्या खाचेतून व संरक्षक मॉस्फेटांतून मुख्य वाहिनीत येते. मॉस्फेट हे विजेचे दरवाजेच होत. मुख्य वाहिनीपासून ३.३ व ५ व्होल्टांच्या दोन उपवाहिन्या निघतात. यंत्र बंद असतानाही त्या सामान्यतः जाग्या राहतात, कारण त्यांच्यावर नियंत्रक चिप चालते. चालू करण्याचे बटण दाबले की ही चिप संदेश देते आणि पुढील वाहिन्या ठराविक क्रमाने उघडू लागतात : स्मृतीसाठी एक व्होल्टाहून थोडी अधिक, आणि प्रोसेसरसाठी सुमारे एक व्होल्ट दाबाची. प्रत्येक वाहिनी 'दाब योग्य आहे' अशी खूण देते. सर्व खुणा मिळाल्यावरच प्रोसेसर मुक्त होतो आणि बायॉस चिपमधील पहिली आज्ञा वाचतो. या साखळीतील एक कडी तुटली तरी पडदा काळाच राहतो.

नदीची उपमा येथे एका बाबतीत अपुरी पडते. पाण्याचा दरवाजा वरचा प्रवाह केवळ वाटून देतो. मदरबोर्डावरील नियामक मात्र दाबही बदलतो. तो वीज सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करून वेटोळ्यात व संधारित्रांत साठवितो आणि कमी दाबाने पुढे देतो. बहुतेक वाहिन्यांच्या मुखाशी असे एक वेटोळे आढळते. तपासनीसाला मापकाची सुई टेकविण्यास ती जागा सोयीची असते.

उघडण्यापूर्वीची परीक्षा

पहिली परीक्षा अडॅप्टरची. मापकाने त्याचा दाब पाहावा, आणि शक्य तर तशाच दुसऱ्या अडॅप्टरने लॅपटॉप लावून पाहावा. काही अडॅप्टर रिकामे असता योग्य दाब दाखवितात, पण भार पडताच कोसळतात. यूएसबी-सी जोडणीच्या यंत्रात प्रथम ५ व्होल्टच येतात. अडॅप्टर व लॅपटॉप यांच्यात संकेतांची देवाणघेवाण झाल्यानंतर दाब साधारणपणे २० व्होल्टांपर्यंत वाढतो. तो ५ वरच अडला, तर ही देवाणघेवाण का झाली नाही, हे प्रथम शोधावे.

यानंतर अडॅप्टर काढावा, बॅटरी सुटी होत असल्यास तीही काढावी आणि बटण अर्धा मिनिट दाबून धरावे. उरलेला विद्युद्भार निघून गेल्याने गोंधळलेली नियंत्रक चिप कित्येकदा पूर्ववत होते. बाह्य उपकरणे दूर करून, स्मृतीची पट्टी काढून पुन्हा बसवूनही पाहावे. एवढ्याने काम न झाल्यासच झाकण उघडावे.

मापकाची साक्ष

उघडलेल्या मदरबोर्डास कमाल प्रवाह ठरवून देता येईल अशा वीजपुरवठ्यावर जोडले असता तीन प्रकारची उत्तरे मिळतात. प्रवाह शून्य असेल, तर वाट आरंभीच तुटली आहे : खाचेचा सांधा, फ्यूज किंवा पहिला मॉस्फेट पाहावा. काही सहस्रांश अँपिअर प्रवाह दिसत असेल, तर पहिल्या वाहिन्या बहुधा जाग्या आहेत आणि शोध बटणापासून पुढे न्यावा. प्रवाह एकदम मर्यादेस जाऊन भिडला, तर शॉर्ट सर्किट आहे, म्हणजे पाटाचा बांधच फुटला आहे.

वीज पूर्णपणे तोडून मुख्य वाहिनी व भूमी यांमधील रोध मोजला, तर निरोगी मदरबोर्डावर तो सामान्यतः हजारो ओहम असतो. एक-दोन ओहम दिसल्यास शॉर्ट निश्चित मानावा. मात्र येथे एक अपवाद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. प्रोसेसरच्या वाहिनीचा रोध निरोगी स्थितीतही एखाद-दुसरा ओहम, कधी त्याहूनही कमी असतो. हे न जाणल्यामुळे चांगले प्रोसेसर निकामी ठरविले जातात.

दोष कोणत्या वाहिनीत आहे हे कळले, तरी त्या वाहिनीवर संधारित्रांच्या रांगाच असतात, आणि सर्व समांतर जोडलेले असल्याने मापक सर्वत्र जवळजवळ सारखाच आकडा दाखवितो. अशा वेळी उष्णतेची मदत घेतात. वाहिनीस तिच्या नेहमीच्या दाबाहून कमी, म्हणजे आरंभी १ व्होल्ट इतकाच दाब मर्यादित प्रवाहाने देतात आणि वर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पातळ थर लावतात. तडकलेला संधारित्र तापतो आणि त्यावरील थर सर्वांआधी उडून जातो. तो एक घटक काढून त्याच मूल्याचा दुसरा बसविला की पुष्कळ वेळा मदरबोर्ड पुन्हा कामास लागतो.

घ्यावयाची काळजी

ही शेवटची कामे शिक्षित हातांनीच करावयाची आहेत. फुगलेली लिथियम बॅटरी दाबू वा टोचू नये. ती पेट घेते. अडॅप्टर उघडू नये, कारण त्यातील संधारित्रात घातक दाबाची वीज शिल्लक असू शकते. मदरबोर्ड भट्टीत तापविण्याचा प्रकार तर दुरुस्तीच नव्हे. चहा वा पाणी सांडले असल्यास यंत्र चालू करून पाहण्याचा मोह टाळावा. ओलावा आणि वीज एकत्र आली की तांब्याच्या वाटा झपाट्याने गंजतात. विद्यार्थ्याचे लेखन ज्या डिस्कवर असते ती बहुतेक यंत्रांत सुटी होते, तेव्हा मदरबोर्ड वाचो न वाचो, प्रथम ती काढून सुरक्षित ठेवावी.

प्रत्येक मोजमाप वहीत उतरविणे हा या कामाचा शेवटचा, पण न टाळण्याजोगा नियम होय. तंजावरचे सरफोजीराजे दुसरे (राज्यकाल १७९८–१८३२) यांच्या काळी नेत्ररोग्यांच्या तपासणीच्या नोंदी ठेवल्या गेल्या, आणि त्या तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जतन झाल्या आहेत. रोग्याची स्थिती, केलेला उपचार आणि झालेला परिणाम लिहिलेला असल्यामुळेच त्या आजही अभ्यासता येतात. शाळेच्या प्रयोगशाळेत प्रत्येक बंद लॅपटॉपासाठी वहीचे असे एक पान राखावे. कोणत्या वाहिनीत किती दाब मिळाला, किती रोध आढळला आणि कोणता घटक बदलला, एवढे त्यावर लिहिले, तर तशाच जातीचे दुसरे यंत्र बंद पडेल तेव्हा शोध अर्ध्या वाटेवरून सुरू करता येईल.