सूत हलके की काटा खोटा? जुन्या इलेक्ट्रॉनिक काट्याची तपासणी कशी करावी

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी या यंत्रमागाच्या गावांत सुताचा व्यवहार आजही बराचसा शब्दावर चालतो. हा शब्द मोडतो तो बहुधा दशांश चिन्हापुढच्या एखाद्या आकड्यावरून. व्यापारी म्हणतो, माल ४० काउंटचा आहे. मागवाला म्हणतो, आमच्याकडे ३९ सुद्धा भरत नाही. पैसे अडकतात, दलाल मध्ये पडतो, वर्षानुवर्षांचा घरोबा तुटतो. टेबलावर बसलेल्या जुन्या इलेक्ट्रॉनिक काट्याकडे मात्र कोणी संशयाने पाहत नाही. आकडा लाल दिव्यात उमटला म्हणजे तो खराच, असा आपला समज झाला आहे. वाचक बंधूंनो, हा समज महागात पडतो.

आधी हिशेब पाहू. रॅप रीलचा घेर दीड यार्ड. त्याचे ८० फेरे म्हणजे १२० यार्डांची एक ली. लीचे वजन ग्रॅममध्ये घ्यावे आणि ६४.८ ला त्याने भागावे, की इंग्रजी काउंट निघतो. ४० काउंटची ली १.६२ ग्रॅम भरते. आता काटा फक्त ०.०५ ग्रॅम जास्त दाखवत असेल, तर ती १.६७ दिसेल आणि काउंट ३८.८ निघेल. तीच चूक २० काउंटला १९.७ करते, म्हणजे चालून जाते. पण ८० काउंटला ती ७५ वर आणून ठेवते. सूत जितके बारीक, तितका काट्याचा दोष मोठा. कापडाचेही तसेच. गोल कटरने १०० चौरस सेंटिमीटरचा तुकडा कापून त्याचे वजन १०० ने गुणले की जीएसएम मिळतो. तिथे ०.०१ ग्रॅमची चूक म्हणजे एका जीएसएमचा फरक.

चूक कोणत्या जातीची आहे?

काटा उघडण्याआधी चूक ओळखावी. त्यासाठी प्रमाणपत्र असलेली १, २, ५, २० आणि १०० ग्रॅमची वजने घ्यावीत. ती बोटाने न उचलता चिमट्याने उचलावीत; हाताचा घाम आणि तेल यांनाही वजन असते. पंखा बंद करावा, काटा पाणसळीत ठेवावा आणि चालू करून अर्धा तास तापू द्यावा. मग प्रत्येक वजन तीन-तीन वेळा ठेवून आकडे वहीत लिहावेत.

आता ते आकडेच बोलतात. सगळ्या वजनांना सारखीच चूक येत असेल, तर शून्य सरकले आहे. वजनाबरोबर चूक वाढत गेली, तर स्पॅन म्हणजे पूर्ण मापाची जुळणी बिघडली आहे. दोन्ही टोकांना बरोबर आणि मध्येच चूक असेल, तर सेलची चाल सरळ राहिलेली नाही. एकच वजन दर वेळी वेगळे दिसले, तर पॉवर, सैल जोडणी, घासणारी थाळी किंवा वारा यांपैकी काहीतरी आहे. आणि थाळीच्या मध्यभागी एक वजन व कोपऱ्यात दुसरे दिसले, तर सेलला धक्का बसला असावा. शेवटच्या दोन दोषांवर कॅलिब्रेशनचे बटण दाबून काही उपयोग नाही. ताप असताना थर्मामीटरची काच पुसण्यासारखे ते होईल.

दुरुस्तीचा क्रम

आमच्या पाहण्यात असे येते की कारागीर आधी स्क्रू-ड्रायव्हर घेतो आणि आतला प्रीसेट फिरवतो. आकडा जुळतो, गिऱ्हाईक खूश होते, आठवड्याने तक्रार परत येते. मूळ दोष तसाच राहतो आणि वर जुनी जुळणीही हातची जाते. क्रम असा ठेवावा.

पहिले, डोळे आणि नाक. प्लग काढून, थोडा वेळ थांबून काटा उघडावा. पॉवर सप्लायच्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही करंट साठलेला असू शकतो. आमच्या धंद्यातला पहिला शत्रू म्हणजे रुईचा भुसा. तो थाळीखाली आणि सेलच्या फटीत बसतो, ओल धरतो आणि सेलची हालचाल अडवतो. मऊ ब्रशने तो काढावा. जळका वास, फुगलेले कॅपॅसिटर, बॅटरीपाशी हिरवट-पांढरा गंज हे सर्व पाहून घ्यावे.

दुसरे, पॉवर. बऱ्याच जुन्या काट्यांत ६ व्होल्टची बंद बॅटरी असते. ती म्हातारी झाली की मोकळी असताना व्होल्ट बरोबर दाखवते आणि काटा चालू होताच बसते. म्हणून व्होल्ट काटा चालू ठेवूनच मोजावेत. ५ व्होल्टच्या लाइनवर सुकलेल्या कॅपॅसिटरमुळे खरखर येते आणि आकडा नाचू लागतो. अर्थिंग नसेल तर शेजारचा माग सुरू होताच काट्याला हिसका बसतो. आणि ज्या मीटरने हे मोजायचे, तो जुना मल्टीमीटरही दुसऱ्या चांगल्या मीटरशी ताडून घ्यावा.

तिसरे, जोडण्या. कनेक्टर काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळवावेत. ही बाब क्षुल्लक वाटेल, म्हणून एक हिशेब देतो. ३०० ग्रॅमच्या साध्या काट्यातला लोड सेल ५ व्होल्टवर पूर्ण भाराला साधारण १० मिलिव्होल्ट देतो. म्हणजे आपली १.६२ ग्रॅमची ली त्याच्याकडून जेमतेम ०.०५४ मिलिव्होल्ट आणते. एवढ्या बारीक इशाऱ्याला गंजाचा एक डाग किंवा पावसाळ्याची ओल पुरेशी आहे.

चौथे, लोड सेल. त्याच्या दोन तारा करंट नेतात आणि दोन इशारा आणतात. सेल सोडवून इशाऱ्याच्या तारांमधला रोध मोजला, तर अनेक सेलांत तो ३५० ओहमच्या आसपास येतो. कोणतीही तार आणि सेलचे धातूचे अंग यांच्यात मात्र रोध फार मोठा असला पाहिजे. तो कमी आला, तर सेलमध्ये ओल शिरली आहे. वाकलेला सेल बदलावा, त्याच्याशी झुंजू नये.

हे सर्व पार पडल्यावरच कॅलिब्रेशन करावे. त्याआधीचे आणि नंतरचे आकडे दोन्ही लिहून ठेवावेत, म्हणजे काटा वर्षाला किती सरकतो ते कळते. आणि १०० किंवा २०० ग्रॅमवर जुळणी केली म्हणून थांबू नये. आपण जिथे तोलतो तिथे, म्हणजे १ आणि २ ग्रॅमवर, पुन्हा तपासावे.

कायदा आणि काट्याबाहेरची कारणे

ज्या काट्यावर माल विकला जातो, त्यावर वैधमापन खात्याचा शिक्का लागतो. २००९ चा कायदा आणि २०११ चे नियम यांनुसार इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर १२ महिन्यांनी करावी लागते. दुरुस्ती परवानाधारक दुरुस्तकाकडूनच करून घ्यावी आणि सील तुटले, तर पुन्हा पडताळणी झाल्याशिवाय त्या काट्यावर विक्री करू नये. प्रयोगशाळेचा दाखला हवा असेल, तर ती एनएबीएलची मान्यता असलेली आहे का, हे पाहावे.

काटा निर्दोष निघाला, तरी सूत लगेच खोटे ठरत नाही. कापसाच्या सुतात कोरड्या वजनावर ८.५ टक्के ओलावा धरण्याची रीत आहे. पावसाळ्यात तोच १०.५ टक्के झाला, तर अस्सल ४० काउंटचे सूत ३९.३ भरेल. म्हणून आपल्याकडे तपासणीच्या खोलीत २७ अंश तापमान आणि ६५ टक्के हवेतील आर्द्रता ठेवतात. छोट्या दुकानदाराला अशी खोली परवडणार नाही. पण दोन्ही बाजूंचा नमुना एकाच जागी, सारखाच वेळ मोकळा ठेवून मग तोलणे तर शक्य आहे! रॅप रीलचा घेरही टेपने ५४ इंच मोजून घ्यावा. आणि ८० काउंटसारख्या बारीक सुतासाठी ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर एक ली तोलण्याऐवजी चार ली एकत्र तोलून भागाकार करावा.

माप पूर्ण भरून देणे हे आपल्या दीनाचेही फर्मान आहे आणि धंद्याचेही. पण नियत साफ असली, तरी काटा साफ असतोच असे नाही. बिघडलेला काटा मालकाच्या इमानदारीलाही बट्टा लावतो, आणि त्याचा मार सर्वांत जास्त कोणाला बसतो? चार माग चालवणाऱ्या कारागिराला. त्याची मजुरी कापली जाते आणि वर सुताच्या चोरीचा आळही येतो.

म्हणून आमची सूचना अशी. प्रत्येक पेढीवर आणि कारखान्यात प्रमाणपत्राचे एक २ ग्रॅमचे वजन डबीत जपून ठेवावे आणि दर आठवड्याला काट्यावर ठेवून आकडा वहीत तारखेसह टिपावा. काउंटवरून वाद निघाला, तर आवाज चढवण्याआधी ते एकच वजन दोघांच्याही काट्यावर ठेवावे. निम्मी भांडणे तिथेच मिटतील, आणि उरलेल्यांत निदान खरे काय ते समोर येईल.