आधीं ओळख, मग हांक

घरांतील मुलें हल्लीं महाविद्यालयांतून संगणकाची विद्या घेऊन येतात, आणि त्यांच्या अडचणी ऐकतांना वडील माणसें कौतुकानें, पण कांहींशा परकेपणानें, मान डोलावतात. वास्तविक त्यांतील कित्येक अडचणी थोड्या विचारानें कोणासही कळण्यासारख्या असतात. अशीच एक आमच्या घरीं उपस्थित झाली, ती वाचकांपुढें मांडतों.

आमच्या पुतण्यानें ‘सी’ भाषेंत व्याजाचा हिशेब करणारा प्रोग्राम लिहिला. व्याज काढण्याचें काम त्यानें एका स्वतंत्र फंक्शनवर सोंपविलें, तें दुसऱ्या फाइलींत ठेवलें, आणि मुख्य फंक्शनमधून त्यास नांवानें हांक मारली. मुद्दल १०,००० रुपये, दर साल दर शेंकडा ७, मुदत एक वर्ष. यंत्रानें उत्तर दिलें: व्याज शून्य! आमच्या वडील बंधूंनीं तोंडींच ७०० रुपये सांगितले. पुतण्यानें व्याजाचें फंक्शन पुनःपुन्हा तपासलें. परंतु त्यांत चूक सांपडेना.

दोष तेथें नव्हताच. तो ओळखीच्या अभावांत होता. कंपायलर प्रोग्राम वरून खालीं वाचीत जातो. पुढें काय येणार, किंवा दुसऱ्या फाइलींत काय आहे, हें त्यास ठाऊक नसतें. अनोळखी फंक्शनचें नांव दिसतांच जुना कंपायलर स्वतःच अनुमान करी कीं, हें पूर्णांकच परत देत असणार. येथें तर उत्तर ‘डबल’ या, म्हणजे दशांशयुक्त संख्येच्या, प्रकारचें होतें. पुष्कळ यंत्रांत या दोन प्रकारचीं उत्तरें ठेवण्याच्या जागा निराळ्या असतात. फंक्शननें उत्तर एका कोनाड्यांत ठेवलें आणि मागणाऱ्यानें दुसऱ्याच कोनाड्यांत हात घातला! कंपायलरनें एक इशारा छापला होता खरा. पण काम अडलें नाहीं, म्हणून पुतण्यानें तो वाचण्याचे श्रम घेतले नाहींत.

उपाय एका ओळीचा आहे. फंक्शन वापरण्यापूर्वीं त्याची घोषणा करावी: प्रथम तें काय परत देणार तो प्रकार, मग नांव, मग कंसांत तें जें जें घेणार त्या प्रत्येकाचा प्रकार, आणि शेवटीं अर्धविराम. ही ओळ ‘हेडर’ फाइलींत ठेवून दोन्ही फाइलींत समाविष्ट केली, म्हणजे देणारा व घेणारा एकाच कराराला बांधले जातात, आणि करार मोडतांच कंपायलर हटकतो. प्रोग्रामच्या आरंभीं मुलें ‘इन्क्लूड’ची जी ओळ पाठ म्हटल्यासारखी लिहितात, तिचा अर्थही हाच, ‘प्रिंटएफ’सारख्या तयार फंक्शनांच्या घोषणा तीमुळेंच मिळतात. फंक्शन त्याच फाइलींत असेल, तर तें आधीं पूर्ण लिहिलें तरी चालतें. परंतु दोन फंक्शनें परस्परांस बोलावूं लागलीं, कीं एकाची घोषणा आधीं करणें भागच पडतें.

डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत ही भाषा घडविली, तेव्हां पूर्णांक देणाऱ्या फंक्शनांस घोषणेची सक्ती नव्हती. कंसांतील प्रकारही घोषणेंत लिहिण्याची सोय १९८९ च्या अमेरिकन प्रमाणानें आली, आणि १९९९ च्या प्रमाणानें अनुमानाची सवलत काढून घेतली. तरीही कंपायलर बहुधा इशाऱ्यावरच भागवीत राहिले. ‘जीसीसी’ या प्रसिद्ध कंपायलरनें मात्र २०२४ सालच्या चौदाव्या आवृत्तीपासून, नेहमींच्या व्यवस्थेंत, ही गोष्ट चूक ठरवून काम थांबविण्यास आरंभ केला.

नवा कंपायलर फार कडक, अशी मुलांची तक्रार असते. आम्हांस ती पटत नाहीं. जुन्याच्या सौजन्यानें आमच्या हातीं शून्य पडलें. कडक कंपायलरनें चुकलेली ओळ दाखविली असती. त्या दिवशीं घरांत तोंडीं हिशेब करणारे वडील होते म्हणून चूक उघडकीस आली. प्रत्येक हिशेबापाशीं असें कोणी बसलेलें नसतें. यासाठीं, पडद्यावरील लाल अक्षरें पाहून मुलाच्या कपाळास आंठ्या पडल्या, तर त्यास एवढेंच सांगावें कीं, बाळ, आधीं तीं नीट वाच.