कमी विजेची चिप आणि दोन मागांचा हिशेब

आमच्या पुतण्याने इलेक्ट्रॉनिक्समध्ये पीएच.डी. करायचे म्हटले, तेव्हा आम्हीच विचारले, "बेटा, आणखी पाच वर्षे? मग दुकान कोण पाहणार?" उत्तरादाखल त्याने एका प्राध्यापकाचे काम समजावून सांगितले. ते आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांनाही कळावे, म्हणून हा लेख.

प्राध्यापकांचे नाव अनंत चंद्रकासन. जन्म चेन्नईचा, उच्च शिक्षण अमेरिकेत, बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात. तेथे रॉबर्ट ब्रॉडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली हातात धरून फिरता येईल असे बिनतारी यंत्र बनवण्याचे काम चालले होते. काम मोठे, बॅटरी मात्र लहान.

चिपमध्ये प्रत्येक क्रियेला लागणारी वीज प्रामुख्याने व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. व्होल्टेज निम्मे केले, तर वीज पावपट लागते. परंतु व्होल्टेज उतरले की चिप मंदावते, आणि आवाज किंवा चित्र मध्येच अडकून चालत नाही.

यावरचा उपाय मागवाल्यांना लगेच समजेल. एकच माग फार पळवला, तर धागा तुटतो. दोन माग निम्म्या वेगाने चालवले, तर कापड तेवढेच निघते. फक्त शेड मोठी लागते. चिपमध्येही तेच केले. एकाच कामाचे दोन संच शेजारी शेजारी बसवले आणि दोन्ही संथ चालवले. १९९२ च्या शोधनिबंधातील एका उदाहरणात व्होल्टेज ५ वरून २.९ वर आले आणि वीज पूर्वीच्या ३६ टक्केच लागली. मोबदल्यात चिपवरची जागा ३.४ पट द्यावी लागली. पुढे त्या बिनतारी यंत्रासाठी याच गटाने केलेला चिपसंच १.१ व्होल्टवर चालत असे आणि ५ मिलिवॅटहून कमी वीज घेत असे. आज आपल्या मोबाइलमध्ये एकाऐवजी अनेक कोअर असतात, त्यामागे हाही हिशेब आहे.

१९९४ मध्ये पीएच.डी. होऊन चंद्रकासन एमआयटीत शिकवू लागले. २०१७ मध्ये ते तेथील अभियांत्रिकी शाखेचे डीन झाले, तर २०२५ मध्ये प्रोव्होस्ट, म्हणजे विद्यापीठाच्या शैक्षणिक कारभाराचे प्रमुख.

या मार्गाला वेळ लागतो, हे खरे. परंतु आपल्याकडेही आयआयटीसारख्या संस्थांत पात्र संशोधकाला विद्यावेतन मिळते. सारा बोजा घरावर पडत नाही. घरात गणित व भौतिकशास्त्राची आवड असलेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर नकार देण्याआधी गेट परीक्षेची चौकशी तरी करावी. आम्ही पुतण्याला होकार दिला आहे. दुकान तूर्त आम्हीच पाहू.