का विकता, भाऊ?

घराच्या मागच्या पडवीत चार मशिनं उभी आहेत आणि चारही कुणीतरी वापरून विकलेली. २०१० ते २०२३ या काळात एकेक करून ती चोपड्याला आली. सुतारकी हा माझा धंदा नाही, रविवारचा नाद आहे. प्रत्येक सौद्यात मी भावाच्या आधी एकच विचारत आलो, का विकता? ती उत्तरं आता आठवली की आमच्या भागातली सुतारकी कशी आटत गेली ते दिसतं.

पहिला आला रंधा. बारा इंची, बिडाचा, पंजाबातल्या बटाल्याच्या ओतकामाचा. अमळनेर तालुक्यातल्या एका मिस्त्रींचा होता. लोडशेडिंगचे दिवस होते. ते म्हणाले, लाइट अर्धा दिवस नसते आणि असते तेव्हा काम नसतं. लोकांना आता ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या लागतात. भंगारवाला आधीच येऊन किलोचा भाव सांगून गेला होता. मी त्यावर थोडे चढवून विसार काढला, तर मिस्त्रींनी हात आडवा केला. "पैसानं मंग दखू, पयले आवाज आयका."

त्यांनी पट्टा उतरवला, कटरब्लॉक हाताने फिरवला, बेअरिंगच्या घरावर स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवलं आणि मूठ माझ्या कानाला लावली. बेअरिंग बाद झालं असेल तर कानात वाळू दळल्यासारखं होतं. इथे नुसता बारीक सूं होता. मग पोलादी पट्टी टेबलावर उभी धरून मागून बॅटरी मारली; पट्टीखालून उजेड झिरपला नाही. मोटर, पट्टा, पाती, बेअरिंग सगळं जळगावला मिळतं. टेबल वाकडं निघालं तर मात्र उपाय खर्चिक, बहुधा मशीनच्या किमतीपेक्षा जास्त. जुनं मशीन बघायचं ते एवढंच, असं मला अजूनही वाटतं.

चोपड्याला रेल्वे नाही, म्हणून रंधा छोट्या हत्तीतून आला. उतरवताना खाली पाइपाचे तुकडे घालून लोळवत पडवीत नेला. मग माझी चूक. मोटर थ्री फेज, घराला सिंगल फेज. मी दोन एचपीची सिंगल फेज मोटर आणून बसवली आणि फेऱ्यांचा आकडा वाचलाच नाही. मूळ मोटर मिनिटाला २८८० फेऱ्यांची. तिला सहा इंची पुली आणि ब्लॉकला चार इंची, म्हणजे ब्लॉक ४३२० ने फिरायचा. नवी १४४० ची, त्यामुळे ब्लॉक आला २१६० वर. साग कसाबसा निघाला, पण बाभळीवर गाठीपाशी रेशे उपटले. महिनाभर मी पात्यांना शिव्या दिल्या. शेवटी मोटरीला आठ इंची आणि ब्लॉकला तीन इंची पुली घातली, ३८४० फेरे आले, आणि बाभळीला हात फिरवला तर काचेसारखी.

दुसऱ्या मशीनला उत्तरच नव्हतं. चौकटींना चौकोनी भोकं पाडायचं ते मशीन मी २०१४ मध्ये एका व्यापाऱ्याकडून घेतलं. का विकलं म्हणून विचारलं तर म्हणाला, मालाचं बघा, मालकाचं कशाला? हिरवागार ताजा रंग होता. दिवाळीला रंग खरवडला तर खाली पुट्टी, आणि पुट्टीखाली स्टँडला बोटभर तडा. बिडाला वेल्डिंग नीट धरत नाही. अजून पट्ट्या आवळून चालवतो. तेव्हापासून रंगवलेल्या मशीनपेक्षा गंजलेलं बरं, असं माझं मत आहे.

खराद पलंग-पाळण्याचे पाय काढणाऱ्याकडून आला. त्याचं गिऱ्हाईक लोखंडी पलंगांनी नेलं. छोटी गोल आरी २०२३ ची. म्हाताऱ्या मिस्त्रींचा मुलगा पुण्याला कंपनीत लागला होता.

मधे मोठ्या बँडसॉचाही निरोप आला, अगदी मातीमोल भावात. तो मी घेतला नाही. आम्ही सातपुड्याच्या पायथ्याचे. ओंडके चिरायचं यंत्र म्हटलं की वनखात्याचा परवाना आलाच. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डिसेंबरात गोदावर्मन खटल्यात जंगलातल्या आरागिरण्यांना चाप लावला, तेव्हापासून हा परवाना यंत्रापेक्षा भारी झाला आहे. हौशी माणसाने त्या वाटेला जाऊ नये.

ओंडका लागतोच कुठे? धाब्याची घरं पडताहेत, स्लॅब चढताहेत, आणि सागाच्या तुळया-खांब जुन्या लाकडाच्या भावात मिळतात. जुनी मशिनं आणि जुनं लाकूड एकाच घडामोडीतून माझ्या दारी आलं. फक्त तुळईत खिळे असतात, आणि काहींची डोकी लाकडाच्या आत बुडालेली. एका खिळ्याने तिन्ही पात्यांना खाच पाडल्यावर मी बाद स्पीकरमधलं लोहचुंबक काढलं. दोऱ्याला बांधून ते तुळईवरून फिरवतो. ते जिथे अडखळतं तिथे पटाशीने उकरतो.

रंध्याची मूळ थ्री फेज मोटर गोणपाटात गुंडाळून अजून पडवीतच आहे. वाइंडिंग चांगलं, बेअरिंग मी बदललेलं. चोपड्याकडे कुणाला हवी असेल तर घेऊन जा, भाव ठरवू. का विकतो हे विचाराल, म्हणून आधीच सांगतो: घराला सिंगल फेज आहे.