कॅन्सरचे सोंग घेणारी हाडाची सूज

आठ-दहा वर्षांची मुलगी रात्री नडगी धरून रडत उठते. ‘वाढत्या वयात पाय दुखायचेच’ असे म्हणत घरचे तेल चोळतात. ठणका थांबत नाही. शेवटी एक्स-रे निघतो. त्यात हाडाच्या टोकाशी कुरतडल्यासारखी जागा दिसते आणि रिपोर्टात ‘ट्यूमरची शक्यता’ असे शब्द उमटतात. शंका रास्तच असते, कारण ईविंग सार्कोमासारखा हाडाचा कॅन्सर याच वयात होतो आणि सुरुवातीला असाच दिसू शकतो.

पण काही मुलांच्या हाडात कॅन्सर नसतो आणि जंतूही नसतात. अशा रुग्णांचे वर्णन स्वित्झर्लंडच्या आंद्रेआस गिडियन यांनी सहकाऱ्यांसह १९७२ मध्ये केले. आज या आजाराला ‘क्रॉनिक नॉन-बॅक्टेरियल ऑस्टिओमायलायटिस’, थोडक्यात सीएनओ म्हणतात. तो मुलींमध्ये अधिक आढळतो. शत्रू नसतानाच शरीराची जन्मजात प्रतिकारशक्ती भडकते. सूज वाढवणारी इंटरल्युकिन-१सारखी द्रव्ये वाढतात, ती आवरणारे इंटरल्युकिन-१० कमी पडते आणि हाड झिजवणाऱ्या पेशींना मोकळे रान मिळते. हे नेमके कशाने सुरू होते, ते बहुतेक मुलांत उलगडलेले नाही.

निदानाची खरी गंमत, खरे तर कसोटी, पुढेच आहे. या आजाराची खूण पटवणारी एकही रक्ततपासणी नाही. रक्तात सूज दाखवणारे सीआरपी थोडे वाढलेले असते, कधी अगदी नॉर्मल. मात्र कॉलर बोनचे आतले टोक सुजले असेल, तर अनुभवी डॉक्टर सावध होतात, कारण ही सीएनओची आवडती जागा आहे. संपूर्ण शरीराचा एमआरआय केला की दुखणे एकाच जागी असूनही सूज अनेकदा चार ठिकाणी सापडते. तळहात-तळपायांवर पू भरलेल्या पुळ्या किंवा सोरायसिस असेल, तर संशय आणखी बळावतो. तरीही एमआरआयमध्ये हाडांत अनेक जागी डाग ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरमध्येही दिसतात. म्हणून शंका उरली की बायोप्सी टाळू नये. सीएनओ असेल तर काढलेल्या तुकड्यात सुजेच्या पेशी दिसतात, कॅन्सरच्या नाहीत, आणि कल्चरमध्ये काहीच उगवत नाही. आपल्याकडे हाडाचा टीबीही वगळावा लागतो. नुसत्या अंदाजावर महिनोन्‌महिने टीबीची औषधे देणे मला तरी पटत नाही.

उपचाराची सुरुवात बहुधा नेप्रोक्सेनसारख्या सूज उतरवणाऱ्या साध्या गोळ्यांनी होते. तेवढ्याने भागले नाही तर मेथोट्रेक्सेट, पामिड्रोनेट किंवा टीएनएफ हे सूज वाढवणारे द्रव्य रोखणारी इंजेक्शने वापरतात. मणक्यात सूज असेल तर मात्र वाट पाहू नये, कारण मणका दबून चपटा होऊ शकतो. आजार उलटत राहतो, म्हणून वर्षानुवर्षे तपासण्या कराव्या लागतात.

हाडदुखीने मूल वारंवार रात्री उठत असेल, तर तेलाची बाटली बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा. कॅन्सर आणि जंतुसंसर्ग नाही असे ठरूनही दुखणे टिकले, तर मुलांच्या संधिवाततज्ज्ञाकडे पाठवा असे स्वतःहून सांगा.